वीस हजार पेशींचा विद्यार्थी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात शेवाळ चरत फिरणारी अ‍ॅप्लिशिया दिसायला काही देखणी नाही. फूटभराहूनही मोठा होणारा, तपकिरी-जांभळट, बुळबुळीत गोळाच म्हणा ना. डोक्यावर सशाच्या कानांसारख्या दोन स्पर्शिका उभ्या असतात, म्हणून तिला सागरी ससा असंही म्हणतात. नात्यानं ती गोगलगाय, पण पाठीवर मिरवायला शंख नाही. त्याची उरलीसुरली पातळ चकती कातडीखाली दडलेली असते. डिवचलं तर जांभळी शाई सोडते. आयुष्य जेमतेम वर्षभराचं.

या प्राण्याला काही शिकवता येतं, शिकवलेलं त्याच्या लक्षात राहतं, आणि ते लक्षात कसं राहतं हे कळलं तर माणसाच्या स्मरणशक्तीचंही थोडंफार कोडं सुटेल, असं 1960 च्या सुमारास म्हणायला धाडस लागत होतं. एरिक कँडेल यांनी ते केलं. त्या वेळी ते तिशीत होते, आणि मेंदूविज्ञानातलं चांगलं चाललेलं काम सोडून ते या गोगलगायीमागे निघाले. 2000 साली आर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते चेतासंस्थेत संदेश कसे वाहतात आणि उतरवून घेतले जातात, यावरच्या शोधांसाठी.

कँडेल यांचा जन्म 1929 चा, व्हिएन्नातला. वडिलांचं खेळण्यांचं दुकान होतं. नवव्या वाढदिवसाला, 7 नोव्हेंबर 1938 रोजी, एरिकला दूरनियंत्रणावर चालणारी निळी मोटार मिळाली. दोनच दिवसांनी नाझींनी ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली. कँडेल कुटुंबाला घराबाहेर काढण्यात आलं; काही दिवसांनी परतल्यावर घरातलं किडूकमिडूक गेलेलं होतं, त्यात ती मोटारही. पुढच्या वर्षी कुटुंब अमेरिकेत पोचलं. स्मृतीचा अभ्यास करावासा वाटला त्याचं मूळ या दिवसांत आहे, असं कँडेल यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. मागे वळून जोडलेलं असं सूत्र जरा बेतानंच स्वीकारलेलं बरं, कारण हार्वर्डमध्ये त्यांनी आधी अभ्यास केला तो इतिहास आणि साहित्याचा. मग फ्रॉइडच्या मनोविश्लेषणानं त्यांना भुरळ घातली आणि मनोविश्लेषक व्हायचं म्हणून त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. 1955 मध्ये कोलंबिया विद्यापीठात हॅरी ग्रंडफेस्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा फ्रॉइडचे इड, इगो आणि सुपरइगो मेंदूत नेमके कुठे असतात ते शोधायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. ग्रंडफेस्ट यांनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. मेंदू समजून घ्यायचा तर एकेक पेशी घेऊन बघावी लागेल, एवढंच ते म्हणाले.

स्मृतीच्या अभ्यासाला त्या दशकात मोठी कलाटणी मिळाली ती एका रुग्णामुळे. हेन्री मोलायसन या 27 वर्षांच्या तरुणाला अपस्माराचे झटके इतके येत, की 1953 मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या आणि दर वेळी तो त्यांना पहिल्यांदाच भेटत असे. पण मिल्नर यांनी आणखी एक गोष्ट टिपली. आरशात बघून चांदणी गिरवण्याचं काम त्याला दिलं, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलं होतं, याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती. म्हणजे स्मृती एकजिनसी नाही. घटना, नावं, चेहरे आठवणं वेगळं आणि हाताला किंवा शरीराला पडलेलं वळण वेगळं. हा भेद ध्यानात ठेवायला हवा, कारण कँडेल यांच्या गोगलगायीची सगळी गोष्ट दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीची आहे.

सुरुवात त्यांनी पहिल्या प्रकारापासूनच केली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 1957 नंतर त्यांनी ऑल्डन स्पेन्सर या सहकाऱ्याबरोबर मांजरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या एकेका पेशीत सूक्ष्म विद्युतअग्र घालून तिचे संदेश नोंदवले. असं तोवर कोणाला फारसं जमलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांचं नाव झालं. पण हाती काय लागलं? स्मृती घडवणाऱ्या या पेशी पाठीच्या कण्यातल्या साध्या प्रेरक पेशींपेक्षा फार काही वेगळं बोलत नव्हत्या. मग खुबी पेशींत नसून पेशी एकमेकींना जिथे जोडलेल्या आहेत तिथे असली पाहिजे. आणि हिप्पोकॅम्पसमधल्या त्या जोडण्यांचं जंगल पिंजून काढणं त्या काळी अशक्यच होतं.

या जोडण्या, म्हणजे चेतासंधी किंवा सिनॅप्स, प्रत्यक्षात जोडलेल्या नसतातच. पेशीच्या आत संदेश विजेच्या रूपानं धावतो, पण टोकाला पोचल्यावर पुढे फट असते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. तिथे पेशी रसायनाच्या बारीक पुड्या फोडते, ते रसायन फट ओलांडून पलीकडच्या पेशीच्या ग्राहींवर बसतं आणि तिथे पुन्हा वीज उमटते. शिकताना या संधींमध्ये फरक पडत असावा, हा तर्क स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी 1894 मध्येच बोलून दाखवला होता. सिद्ध मात्र कोणी केलं नव्हतं. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आणि प्रत्येकीच्या हजारो संधी. यातली कुठली संधी कशामुळे बदलली, हे कोण सांगणार?

कँडेल यांनी मग उलटीकडून विचार केला: कमीत कमी पेशींचा, पण शिकू शकेल असा प्राणी कोणता? झिंगे, मधमाश्या, माश्या, जंत असे बरेच उमेदवार त्यांनी तपासले आणि अ‍ॅप्लिशियावर बोट ठेवलं. तिच्या अंगात एकंदर सुमारे 20,000 चेतापेशी, त्याही एका जागी नाहीत, तर गुच्छिका म्हणतात अशा लहान लहान पुंजक्यांत विभागलेल्या. काही पेशी इतक्या मोठ्या, जवळजवळ मिलिमीटरभर, की त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शिवाय प्रत्येक अ‍ॅप्लिशियात त्या त्याच जागी, त्याच रंगाच्या असतात. म्हणून त्यांना नावंही देता आली. आर-2 ही त्यातली सर्वांत थोराड. या प्राण्यावर तेव्हा जगात दोनच जण काम करत होते आणि दोघेही फ्रान्समध्ये. त्यांच्यापैकी लादिस्लाव टॉक यांच्याकडे कँडेल 1962 मध्ये पॅरिसला गेले. जाणत्या मंडळींना हा निर्णय आत्मघातकी वाटला. मेंदू सस्तन प्राण्याचा अभ्यासायचा असतो, गोगलगायीकडून काय शिकणार, हा त्या वेळचा शहाणा समज होता.

अमेरिकेत परतल्यावर कँडेल यांनी आयर्व्हिंग कुपफरमन, हॅरोल्ड पिन्स्कर आणि व्हिन्सेंट कास्तेलुची या सहकाऱ्यांसह जो प्रयोग उभा केला तो आजही लोभस वाटतो, इतका तो साधा आहे. अ‍ॅप्लिशियाच्या पाठीवर एक नाजूक कल्ला असतो, श्वसनासाठी. त्याच्या शेजारी पाणी बाहेर टाकणारी नळी. त्या नळीला पाण्याचा बारीक फवारा लागला की कल्ला झटकन आत ओढला जातो. तापलेल्या तव्यावरून आपण हात काढतो तसलीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. पण तोच फवारा पुन्हा पुन्हा दिला तर कल्ला दर वेळी थोडा कमी आत जातो; दहाएक फवाऱ्यांनंतर प्राणी जवळपास दुर्लक्षच करतो. हे झालं सवयीचं शिक्षण. आता शेपटीला विजेचा एक चटका द्या. त्यानंतर नळीला अगदी हलका स्पर्श झाला तरी कल्ला जोरात आणि बराच वेळ आत जातो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसंच हे.

या क्रियेमागच्या पेशी त्यांनी एकेक करून हुडकल्या. नळीच्या कातडीतून बातमी आणणाऱ्या संवेदी पेशी 24, कल्ल्याचे स्नायू हलवणाऱ्या प्रेरक पेशी 6, आणि मध्ये काही मध्यस्थ. आणि इथे एक पेच उभा राहिला. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, हा नकाशा प्रत्येक अ‍ॅप्लिशियात एकच. जन्मतःच ठरलेला, न बदलणारा. नकाशा ठरलेलाच असेल तर शिकल्यावर वागणं बदलतं कशानं? उत्तर संधीच्या जोरात मिळालं. सवय झालेल्या प्राण्यात संवेदी पेशी पूर्वीसारखीच वीज पाठवत होती, प्रेरक पेशीही ठणठणीत होती, पण दोघींमधल्या फटीत रसायन कमी सांडत होतं. चटका खाल्लेल्या प्राण्यात ते जास्त सांडत होतं. रस्ते तेच, पण त्यांवरची रहदारी अनुभवानं ठरत होती. 1970 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे तीन शोधनिबंधांतून एकदम प्रसिद्ध झालं आणि काहालचा तर्क पहिल्यांदा एका प्रत्यक्ष वर्तनाला पेशीपेशीनं जोडला गेला. माझ्या मते कँडेल यांच्या सगळ्या कारकिर्दीतलं कळीचं काम हेच. पुढचं रसायनशास्त्र भव्य आहे, पण ते या पायावर उभं आहे.

त्याच सुमाराच्या एका निष्कर्षाकडे आपल्याकडच्या शाळा-शिकवण्यांनी जरूर बघावं. गोगलगायीला सलग चाळीस फवारे दिले तर सवय जेमतेम एक दिवस टिकली. तेच चाळीस फवारे रोज दहा असे चार दिवसांत वाटून दिले, तर सवय कित्येक आठवडे टिकली. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकून घोकून काय होतं, हे गोगलगायीनंही सांगून ठेवलं आहे.

पण मध्ये सोडलेल्या वेळानं असा काय फरक पडतो? तो शोध घ्यायला पुढची वीस वर्षं लागली, आणि त्यासाठी कँडेल यांना पेशीच्या आत शिरावं लागलं. शेपटीला चटका बसला की मध्यस्थ पेशी सेरोटोनिन सोडतात. ते संवेदी पेशीच्या टोकावर बसतं आणि पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होऊ लागतो. 1976 मध्ये मार्चेल्लो ब्रुनेल्ली, कास्तेलुची आणि कँडेल यांनी हा रेणू सुईनं थेट संवेदी पेशीत सोडला; चटका नाही, सेरोटोनिन नाही, तरी संधी बळकट झाली. हा रेणू प्रोटीन कायनेज-ए या विकराला जागं करतो. ते विकर पोटॅशियमच्या काही वाहिन्यांवर फॉस्फेटची खूण चिकटवून त्या बंद करतं. त्यामुळे वीज जरा जास्त वेळ टिकते, कॅल्शियम जास्त आत येतं आणि ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या पुड्या जास्त फुटतात. फॉस्फेट चिकटवून पेशीतली प्रथिनं चालू-बंद करण्याची ही तऱ्हा चेतापेशींत उलगडून दाखवली ती पॉल ग्रीनगार्ड यांनी, आणि 1980 मध्ये हे विकर थेट गोगलगायीच्या पेशीत सोडण्याच्या प्रयोगात ते कँडेल यांच्याबरोबर होते. त्यामुळे वीस वर्षांनी नोबेल वाटून मिळालं, त्यात नवल नव्हतं.

इथे एक गंमत झाली. कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम चालू होतं. शिकण्यात ढ असलेली माशी 1976 मध्ये सापडली. तिला नावच ‘डन्स’ म्हणजे मठ्ठ असं दिलं. तिच्यात काय बिघडलं होतं? सायक्लिक एएमपी मोडून टाकणारं विकर. गोगलगाय आणि माशी, दोघींच्या वंशांची फारकत होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, तरी शिकण्यासाठी दोघी तोच रेणू वापरत होत्या. कँडेल यांच्या गोगलगायीला नाकं मुरडणाऱ्यांची तोंडं यानं बरीचशी बंद झाली.

पण वर सांगितलेली सगळी यंत्रणा फक्त काही मिनिटांच्या स्मृतीची. फॉस्फेटच्या खुणा पुसल्या जातात, वाहिन्या पुन्हा उघडतात, प्राणी चटका विसरतो. चार-पाच चटके मध्ये वेळ सोडून दिले की मात्र स्मृती दिवसेंदिवस टिकते, आणि त्यासाठी नवी प्रथिनं बनावी लागतात. प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिलं की शिकणं होतं, पण ते टिकत नाही. कँडेल यांच्या गटानं हे बशीत करून दाखवलं. एका काचेच्या बशीत एक संवेदी पेशी आणि एक प्रेरक पेशी वाढवायची. दोघी आपणहून एकमेकींशी संधी जुळवतात. मग सेरोटोनिनचा एक झोत सोडला तर संधी काही मिनिटं बळकट होते. थांबत थांबत पाच झोत सोडले तर एक दिवसाहून जास्त. दोन पेशींच्या बशीत तात्पुरती आणि टिकाऊ अशा दोन्ही स्मृती वेगळ्या काढता आल्या, यावर पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही.

टिकाऊ स्मृतीसाठी प्रोटीन कायनेज-ए हे तेच विकर पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं आणि तिथे सीआरईबी या प्रथिनाला जागं करतं. सीआरईबी डीएनएवरच्या एका ठरावीक क्रमाला चिकटून जनुकं चालू करतं. हे ताडून पाहायला 1990 मध्ये प्रमोद दाश, बेंजामिन होखनर आणि कँडेल यांनी मोठी चलाख युक्ती केली. त्यांनी त्या क्रमाचे हुबेहूब तुकडे बनवून केंद्रकात सोडले. सीआरईबी त्या खोट्या तुकड्यांना चिकटून बसलं आणि खऱ्या जनुकांपर्यंत पोचलंच नाही. पाच झोतांनंतरही संधी फक्त तेवढ्यापुरती बळकट झाली. दुसऱ्या दिवशीचा बळकटपणा गायब. पुढे 1995 मध्ये याच गटाला सीआरईबीला दाबून ठेवणारं दुसरं प्रथिन सापडलं. ते हटवलं तर एकाच झोतात टिकाऊ बदल झाला. म्हणजे सगळंच लक्षात राहू नये, याचीही पेशीत तजवीज असते. तिचे आपल्यावर किती उपकार आहेत, ते दिवसभराची प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कायमची लक्षात राहिली असती तर कळलं असतं.

जनुकं चालू झाली की पुढे काय, हे मोजण्याचं चिकाटीचं काम क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी केलं. साध्या अ‍ॅप्लिशियात एका संवेदी पेशीला सुमारे 1,300 टोकं असतात, आणि त्यांतली सुमारे 40 टक्केच कामात असतात. चटक्याचं दीर्घ शिक्षण झालेल्या प्राण्यात टोकांची संख्या 2,700 च्या वर गेलेली होती आणि कामातल्या टोकांचं प्रमाण 60 टक्क्यांवर. सवयीचं दीर्घ शिक्षण झालेल्यांत ती 850 पर्यंत घसरली होती. टिकाऊ स्मृती म्हणजे पेशीच्या आकारातच झालेला फरक, मोजता येईल असा. शिकलेल्या प्राण्याचा मेंदू न शिकलेल्या भावंडापेक्षा खरोखरच वेगळा दिसतो.

माणसापर्यंत यातलं किती पोचतं? बरंच, पण सगळं नाही. सस्तन प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये संधी बळकट होण्याची वेगळी एक रीत टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लोत सशांवर प्रयोग करून 1973 मध्ये मांडली. तिथे एका मार्गाला थोडा वेळ जलद विद्युतस्पंद दिले की त्या मार्गावरच्या संधी पुढे तासन् तास जोरात बोलत राहतात. तिथल्या नेहमीच्या मार्गांवर बदलाची सुरुवात संदेश झेलणाऱ्या पेशीवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीपासून होते, गोगलगायीच्या त्या चटक्यासारखी बाहेरून आलेल्या सेरोटोनिनपासून नव्हे. 1986 मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी हे ग्राही औषधानं बंद केले तर पाण्याच्या हौदात बुडालेलं मचाण कुठे आहे हे शिकणं उंदरांना जड गेलं. सुरुवातीची यंत्रणा वेगळी असली तरी शेवटच्या टप्प्यावर मात्र ओळखीचा चेहरा भेटतो. सीआरईबीत बिघाड केलेले उंदीर अल्सिनो सिल्व्हा यांच्या गटानं 1994 मध्ये तपासले. थोड्या वेळापुरतं त्यांना आठवत होतं, दुसऱ्या दिवशी नाही. कँडेल स्वतःही तोवर उंदरांकडे, म्हणजे ज्या हिप्पोकॅम्पसपासून निघाले होते तिथेच, परतले होते.

यातून स्मृतीचं औषध बनवता येईल, असं वाटणं साहजिक होतं. सायक्लिक एएमपी मोडणारं विकर जरासं रोखलं तर तो रेणू जास्त टिकेल आणि आठवण पक्की होईल. रोलिप्राम या औषधानं उंदरांत तसा परिणाम दिसलाही. माणसांत मात्र त्यानं मळमळ आणि उलट्या होतात. कँडेल यांनी 1998 मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांच्यासह मेमरी फार्मास्युटिकल्स ही कंपनी काढली, याच वाटेवरचे सुधारित रेणू शोधायला. दहा वर्षांत तिची एकही गोळी बाजारात आली नाही आणि 2008 मध्ये रोश या कंपनीनं ती विकत घेतली. ज्या माणसाला ही यंत्रणा सर्वांत जास्त कळली होती, त्याच्या कंपनीची ही गत. तेव्हा परीक्षेच्या हंगामात ‘स्मरणशक्तिवर्धक’ म्हणून काउंटरवर मांडलेली बाटली घेण्याआधी, तिच्यातला कोणता घटक मेंदूत कशावर काम करतो आणि ते कोणी तपासून पाहिलं, एवढं दुकानदाराला जरूर विचारा.